तो बैल, ती गाय, ते बाबा

"पुढच्या उन्हाळ्यात या अंगणात हे पोरगी असं मराठी बोलन, की तुमच्या गावचा मास्तर लाजून राजीनामा देईन! नाही झालं तसं, तं नाव नागनाथ सांगनार नाही!"

ही घोषणा नागनाथने सासुरवाडीच्या अंगणात, भर पंगतीत केली. हातातला भाकरीचा तुकडा त्याने झेंड्यासारखा उंच धरला होता आणि त्यातून वांग्याचा रस्सा कोपरापर्यंत ओघळत होता. पण त्वेषात आलेल्या माणसाला कोपर कुठे दिसतं?

त्वेषाचं कारण होती त्याची पाच वर्षांची लेक, गौतमी. नागनाथ तेलंगणातल्या मंचेरियलला मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कारकून. घर रेल्वे रुळाजवळच्या खोल्यांच्या एका लाईनीत, भाड्याचं. लाईन सगळी तेलुगू, बालवाडी तेलुगू, खेळायला येणारी पोरंही तेलुगू. आता तेलुगूचा हिशेब सोपा असतो. पुरुष आला की क्रियापद एक. बाई येवो, बकरी येवो, बस येवो की पाऊस येवो, सगळ्यांना मिळून दुसरं. गौतमीने हाच हिशेब मराठीला लावला. मामा आला, काका आला. बाकी सगळं आलं! आई आलं, बकरी आलं, पॅसेंजर आलं.

त्या दिवशी सासुरवाडीला आजी शेतातून परतली आणि नात टाळ्या पिटत ओरडली, "आजी आलं! आजी आलं!"

"आलं?" आजीने डोक्यावरचा भारा खाली टाकला. "काव बाय, मी का चायतलं आलं हाव, ठेचाले?"

सगळं अंगण हसलं. नागनाथचे सासरे भिवाजी मिशीतल्या मिशीत म्हणाले, "जवाईबापू, पोरगी तेलगू झाली तुमची. आता नातीसंगं बोलाले आमाले दुभाष्या ठेवा लागन."

हे मात्र वर्मी लागलं! कारण सरहद्दीवरच्या गावांतून ऑफिसात येणाऱ्या मराठी अर्ज्या साहेबांना तेलुगूत समजावून सांगायचं काम नागनाथचं होतं. अर्जीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक तो अशी पकडायचा, जशी दुसरी माणसं खिसेकापू पकडतात. माणसाची जमीन गेली असली तरी नागनाथ आधी म्हणायचा, "'जमीन'ची मी दीर्घ असते." असा माणूस, आणि त्याच्या पोटची पोर आजीला आलं करते!

म्हणून ती घोषणा.

घरी परतताना गाडीत त्याने बायकोला, चंद्रभागेला, सगळी योजना सांगितली. छडी नाही, पाटी नाही, घोकंपट्टी नाही. चित्रांची पुस्तकं! लेकरू चित्र पाहील, हसेल, खेळेल आणि व्याकरण आपोआप त्याच्या अंगात शिरेल, जसं कुडाच्या भिंतीत पाणी शिरतं.

"कायले एवढा खटाटोप?" चंद्रभागा म्हणाली. "मी बोलतो न तिच्यासंगं. शिकन हळूहळू."

"पाह्य! इथंच तं गोम हाये!" नागनाथ बाकावरून उठलाच. "'मी बोलतो' नाही, 'मी बोलते'! आपल्याकडे बाया 'मी जातो' म्हणतेत अन् मानसं 'तो जाते' म्हणतेत! लेकरानं शिकावं कोनापासून?"

समोरच्या बाकावरच्या माणसाने घाईघाईने आपलं तोंड खिडकीबाहेर काढलं.

पुढच्याच रविवारी नागनाथ चंद्रपूरला जाऊन तीन पुस्तकं घेऊन आला. एकात जनावरं, दुसऱ्यात घरातल्या वस्तू, तिसऱ्यात फळं-भाज्या. पानं अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो हात-पाय धुवायचा, पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि शाळा भरायची.

पद्धतही त्याने स्वतःच्या डोक्यातून काढली होती. घराचे तीन कोपरे ठरवले. दाराजवळचा कोपरा 'तो'चा, चुलीजवळचा 'ती'चा, पाण्याच्या माठाजवळचा 'ते'चा. नागनाथने चित्र दाखवायचं आणि गौतमीने पळत जाऊन बरोबर कोपरा गाठायचा. बैल! पोरगी दाराशी. गाय! पोरगी चुलीशी. वासरू! पोरगी माठाशी. बरोबर आलं की एक पिपरमेंट.

इथवर सगळं छान होतं. इथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण नागनाथ थांबतो कसला!

"नुसतं तो-ती-ते काय कामाचं? शास्त्रीय नाव पाह्यजे! तो म्हणजे पुल्लिंग. ती म्हणजे स्त्रीलिंग. ते म्हणजे नपुंसकलिंग."

चंद्रभागेच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. "एवढ्याशा जिवाले कायले असे जड शब्द? बरे दिसतेत का ते?"

"व्याकरणात बरंवाईट काही नसते! शास्त्र हाये ते!"

आणि शास्त्र सुरू झालं. त्यात रुळावरून संध्याकाळी कोळशाच्या मालगाड्या जायच्या. एका गाडीला एवढे डबे, की पहिला डबा गेल्यावर माणसाने चहा टाकावा आणि शेवटचा जाईपर्यंत पिऊन कप विसळावा. त्या खडखडाटावर आवाज चढवायचा म्हणजे गळ्याच्या शिरा दोरखंड व्हायच्या. नागनाथ ओरडायचा, "वासरू!" गौतमी किंचाळायची, "नपुंसकलिंग!" गाडी मधूनच सिग्नलला थांबायची, एकदम शांतता व्हायची आणि त्या शांततेत तो शब्द अख्ख्या लाईनीवर पसरायचा.

पोरगी मात्र खरोखर हुशार निघाली. पुस्तकं संपली तसं तिने घर वाटायला घेतलं. तांब्या दाराशी गेला, बादली चुलीशी, भांडं माठाशी. वस्तू संपल्या तशी माणसांची पाळी आली. आई, अर्थात चुलीशी. आणि बाबा?

तिने भाकऱ्या थापणाऱ्या आईलाच विचारलं, "आई, बाबा 'तो' हाये का?"

"ए! बाबांले तो म्हणतेत का?" चंद्रभागेने पिठाचाच हात उगारला. "'ते' म्हनाचं! ते आले, ते गेले, ते जेवले."

गौतमी विचारात पडली. नीट पाहिलं तर पुरावाही तसाच होता! आई बाबांचं नाव कधी घेतच नव्हती. "ते ऑफिसात गेले," म्हणायची. "हे घरी नाहीत," म्हणायची. आणि पुस्तकात तर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: हे काय आहे? हे वांगं आहे. गौतमीने खुंटीवरची बाबांची पॅन्ट ओढून काढली, घडी केली आणि वासरू, भांडं, वांगं यांच्या पंक्तीला, माठाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. चंद्रभागेला वाटलं, पोरीला टापटिपीची सवय लागली. तिने कौतुकाने पाहिलं आणि भाकर उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर पाण्यासाठी गर्दी होती. दांडा हाणत होत्या शेजारच्या कुसुमबाई. घर भिंतीला भिंत लागून, गाव पैनगंगेकडचं, म्हणजे लाईनीतलं दुसरं मराठी घर. नवरा उद्धवराव कोळशाच्या खाणीत. कुसुमबाईंचा स्वभाव लोण्यासारखा, आवाज मात्र खाणीच्या भोंग्यासारखा.

"काय व गौतमी, रोज संध्याकाळी बापलेक काय वरडून राह्यता?"

"मावशी, आमी लिंग शिकून राह्यलो!" गौतमी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आई स्त्रीलिंग. तुमी बी स्त्रीलिंग. उद्धवकाका पुल्लिंग."

उद्धवकाका पुल्लिंग का, तर कुसुमबाई रोज भिंतीपलीकडून ओरडायच्या, "कुठं उलथला तो मुडदा? तो आला का नाही अजून?" एवढा स्पष्ट 'तो' दुसऱ्या कुठल्याच घरात ऐकू येत नव्हता.

"अन् तुझा बाप व?" कुसुमबाई हसत म्हणाल्या.

"बाबा नपुंसकलिंग!"

बोरिंगचा दांडा वरच्या वर राहिला.

"कोनं सांगितलं तुले?"

"आईनं!"

रांगेतल्या बायांनी घागरी खाली टेकवल्या आणि जवळ सरकल्या. तेलुगू बायांना वाक्य कळलं नाही, पण शब्द संस्कृत होता, तो बरोबर कळला! आणि जिला कळला नाही तिला शेजारणीने समजावून सांगितला.

कुसुमबाईंनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. फक्त नवऱ्याला सांगितली. उद्धवरावांनीही कोणाला सांगितली नाही, फक्त खाणीत, आपल्या पाळीच्या माणसांना. जोडीला लोकांनी आपापली अक्कल लावली. एकच पोर, पाच वर्षांची. त्यानंतर पाळणा हलला नाही. आणि रोज संध्याकाळी त्या घरातून तोच शब्द ओरडण्याचा आवाज! बिचारी बायको रोज तोंडावर म्हणते वाटतं!

नागनाथला यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. त्याला फक्त एवढंच दिसलं, की लोक आपल्याशी फार हळुवारपणे वागायला लागलेत. पानवाला पैसे घेताना नजर खाली घालतो. पिठाच्या गिरणीत लोक त्याचा डबा पुढे सरकवतात. कुसुमबाईंनी तर ताटभर उडदाचे लाडू पाठवले. निरोप होता, "भाऊले द्या. ताकदीचे हायेत."

"पाह्यलं?" लाडू फोडत नागनाथ बायकोला म्हणाला. "ग्यान देणाऱ्या मानसाची कदर हाये समाजात! नुसती कदर नाही, लाडवासकट कदर!"

त्याचा आवाज तोवर पार घोगरा झाला होता. मालगाड्यांशी झुंजून झुंजून घशाचं कातडं सोललं होतं. त्या घोगऱ्या आवाजातच तो ऑफिसात गेला, तर तिथे थोरले कारकून अमृतराव त्याची वाट पाहत होते; लाईनीतली कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचली होती. अमृतराव भल्या मनाचा माणूस. दुसऱ्याचं दुःख दिसलं की त्यांना फाईल पुढे सरकवणं जमत नसे. त्यांनी नागनाथला हळूच ऑफिसामागच्या टपरीवर नेलं.

"नागनाथ, राग नको मानू. तुझ्या पोरीनं बोरिंगवर जे सांगितलं, ते खरं हाये का?"

"बोरिंगवर बी सांगितलं का तिनं?" नागनाथचा चेहरा उजळला. "वा रे माझ्या वाघिनी! सगळं बराबर सांगितलं न?"

"म्हणजे... खरं हाये?"

"शंभर टक्के! एक बी चूक करत नाही ते. मी सोता शिकवलं तिले!"

अमृतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "तूनं? सोता?"

"मंग! लपवून ठिवाचं काय त्याच्यात? बाह्यरून कुठून तरी उलटंसुलटं कळण्यापरीस घरातच कळलेलं बरं. मी तं म्हनतो, एक दिवस साहेबासमोर म्हनून दाखवाले लावीन!"

"साहेबासमोर नको रे बाबा!" अमृतरावांनी त्याचा हात घट्ट धरला. "तुझी छाती मोठी हाये, मानलं. पन मी काय म्हनतो... घरात तुझा आवाज बसला न रे?"

नागनाथने गळ्यावरून हात फिरवला. "पार बसला, अमृतराव. संध्याकाळ झाली की ताकदच राह्यत नाही."

"बायको काय म्हनते?"

"काय म्हनन? म्हनते, झेपत नाही तं कायले करता? गप झोपा."

अमृतरावांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "इलाज हाये. बेज्जूरच्या जंगलात एक म्हातारा जडीबुटी देते. मी मागवतो. सकाळी अनशापोटी, दुधातून घेजो. असा आवाज येईन घरात, की गल्ली ऐकन!"

नागनाथला आणखी काय हवं होतं? गल्लीला ऐकू जाईल असा आवाज! मालगाडीची काय बिशाद!

पुडी आली. आत हिरवट-काळी पावडर होती आणि तिला ओल्या कांबळीसारखा वास येत होता. अमृतरावांनी चिमूटभर सांगितली होती. नागनाथने विचार केला, चिमटीने माणसाचा घसा सुटेल, मास्तराचा कसा सुटेल? त्याने दोन चमचे घातले.

पुढचं वर्णन थोडक्यात केलेलं बरं. घशात आग लागली, पोटात गिरणी सुरू झाली. नागनाथ टमरेल घेऊन निघाला की परत यायचा आणि टमरेल खाली ठेवायच्या आत पुन्हा निघायचा. आणि आवाज? होता तोही गेला! तोंड उघडलं की पंक्चर झालेल्या सायकलच्या चाकासारखा नुसता 'फुस्स्' निघायचा. त्याने अर्जी धाडून रजा घेतली. ऑफिसात सगळ्यांनी मान हलवली, "मनाले लावून घेतलं बिचाऱ्यानं."

आणि नेमक्या अशा वेळी दारात भिवाजी उभे राहिले. खांद्यावर पिशवी, काखेत एक लालभडक गावरान कोंबडा! त्यांच्या गावचा एक माणूस खाणीत होता, त्याने सुट्टीला गेल्यावर सासुरवाडीला ही 'खबर' पोचवली होती. तेवढ्यात परसातून टमरेल घेतलेला, डोळे खोल गेलेला, भिंतीला धरून चालणारा जावई आला. त्याने "जयभीम, मामाजी" म्हणायला तोंड उघडलं.

"फुस्स्."

"राहू द्या, जवाईबापू, राहू द्या," भिवाजींनी त्याच्या हातातलं टमरेल काढून घेतलं. "आराम करा. हा कोंबडा आनला. रस्सा प्या चांगला."

नागनाथ बाजेवर कोसळला. भिवाजींनी लेकीला चुलीजवळ गाठलं.

"चंद्रभागा, मले खबर बी देली नाही तूनं?"

"काय खबर द्याची, बाबा? एवढं काय मोठं हाये त्याच्यात? होईन बरं आपोआप. गरम पान्याच्या गुळण्या करून राह्यले ते."

"गुळण्या?" भिवाजींनी कपाळाला हात लावला. "पोरी, लय सोसलं तूनं!"

"सोसलं का, बाबा! रोज संध्याकाळी नुसता दणका, नुसता दणका! आता गप पडले तं घरात कशी शांतता हाये. खरं सांगू? मले तं असंच बरं वाटते."

भिवाजींनी कोंबड्याकडे पाहिलं. कोंबड्यानेही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "हे पाह्य. तुह्या मायनं सांगून धाडलं, मनात असंन तं पोरीले घेऊन चाल घरी. आमी काही म्हननार नाही."

"घरी? काऊन? घसा बसला म्हनून कोनी माह्यरी जाते का?"

"घसा?"

"मंग काय?"

बापलेक एकमेकांकडे बघत असतानाच दारातून अमृतराव डोकावले. हातात दुसरी पुडी. "काय, वहिनी, फरक पडला का?" त्यांच्या मागे कुसुमबाई, हातात उडदाच्या लाडवांचं दुसरं ताट.

भिवाजींना लेकीसमोर तो शब्द उच्चारवेना. त्यांनी कुसुमबाईंना खूण केली. कुसुमबाईंनी चंद्रभागेच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे काय, त्यांच्या आवाजात! ते पार रुळापलीकडे ऐकू गेलं.

चंद्रभागा आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग कोंबड्याच्या तुऱ्यापेक्षाही लाल झाली. "कोनं सांगितलं हे?"

"तुझ्याच पोरीनं. अन् तूनंच सांगितलं म्हने तिले!"

आता मात्र बाजेवरच्या नागनाथच्या डोक्यात प्रकाश पडला! पानवाल्याची खाली गेलेली नजर, गिरणीतला पुढे सरकणारा डबा, उडदाचे लाडू, बेज्जूरची पावडर, सगळं एकदम, मालगाडीच्या डब्यांसारखं एकामागून एक डोक्यातून धडधडत गेलं. तो ताडकन उठला. "फुस्स्! फुस्स् फुस्स्!"

"पडून राहा, भाऊ," कुसुमबाई म्हणाल्या. "तरास नका घेऊ."

नागनाथने चित्रांचं पुस्तक ओढलं, पान उघडलं आणि बैलावर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर आपटलं. बैल! मी! बैल! मी!

"काय म्हनून राह्यले?" भिवाजींनी विचारलं.

"मी बैल हाव, म्हनतेत," अमृतरावांनी डोळे पुसले. "गडी नाही, खच्ची केलेला बैल हाव, म्हनतेत."

नागनाथने पुस्तक कपाळावर मारून घेतलं.

तेवढ्यात खेळून गौतमी घरात आली. घरात एवढी माणसं आणि बाबांच्या हातात पुस्तक! म्हणजे आज सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचं! तिने फ्रॉक सावरला आणि सुरू केलं. "तो बैल, पुल्लिंग!" दाराशी पळाली. "ती गाय, स्त्रीलिंग!" चुलीशी. "ते वासरू, नपुंसकलिंग!" माठाशी. "ते भांडं, नपुंसकलिंग! हे वांगं, नपुंसकलिंग! ते बाबा, नपुंसकलिंग!"

"थांब, थांब, बाय," भिवाजींनी तिला मांडीवर घेतलं. "बाबा कसा व?"

"आई म्हनते न, बाबांले 'तो' म्हनाचं नाही, 'ते' म्हनाचं. ते आले, ते जेवले. अन् 'ते' म्हणजे नपुंसकलिंग, असं बाबांनीच शिकवलं! तुमाले बी आई 'ते' म्हनते. तुमी बी नपुंसकलिंग!"

"मी?"

"अन् अमृतकाका बी!"

अमृतरावांच्या हातातली पुडी खाली पडली. कोंबड्याने ती टोचून पाहिली आणि लगेच चार पावलं मागे सरकला.

"मंग या लाईनीत पुल्लिंग कोन हाये व?" भिवाजींनी विचारलं.

"एकटे उद्धवकाका! मावशी त्यांले रोज म्हनते न, तो मुडदा आला का म्हनून."

आधी भिवाजी हसले. मिशीतल्या मिशीत नाही, चांगले बाज हलवून हसले. मग अमृतराव. कुसुमबाई तर लाडवांचं ताट खाली ठेवून भिंतीला टेकल्या. चंद्रभागा पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली, पण तिची पाठ हलत होती. एकटा नागनाथ हसत नव्हता. खरं म्हणजे तोही हसत होता, पण त्याचं नुसतं 'फुस्स् फुस्स्' होत होतं आणि हसण्याने पोटातली गिरणी पुन्हा सुरू झाली, त्यामुळे टमरेल घेऊन त्याला निघावंच लागलं.

रात्री रस्सा झाला. सगळ्यांनी खाल्ला. नागनाथला भाताची पेज मिळाली.

दोन दिवसांनी घशातून थोडा आवाज फुटायला लागला, आणि शहाण्या माणसाने काय केलं असतं? पुस्तकं पेटीत टाकली असती! पण चूक तशीच सोडली तर तो नागनाथ कसला? भिवाजी परत जायच्या दिवशी सकाळी त्याने गौतमीला समोर बसवलं आणि चिरक्या आवाजात समजावलं, "आयक. बाबा पुल्लिंगच असतेत. पन मोठ्या मानसाले मान द्याचा असते. म्हनून बाबा एक असले तरी त्यांले एकवचन लावाचं नाही, अनेकवचन लावाचं. अनेक म्हणजे लय. समजलं?"

"समजलं," गौतमी म्हणाली.

मग सगळे भिवाजींना पोचवायला बसस्टँडवर गेले. बस गच्च भरलेली. भिवाजींना खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारच्या बाईने नातीचं कौतुक करत खिडकीतून विचारलं, "काय व चिमणे, तुझे बाबा कुठं हायेत?"

गौतमीने छाती पुढे काढली, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्या घरी बाबा एक नाहीत! अनेक हायेत! लय बाबा हायेत!"

बसमधली बोलणी बंद पडली. सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि सगळ्या नजरा चंद्रभागेवर स्थिरावल्या. नागनाथ बसकडे धावला. "आदरार्थी! आदरार्थी हाये ते!" पण एवढ्या लांबलचक शब्दासाठी घसा तयार नव्हता. 'आद' पर्यंत आवाज आला आणि पुढे 'फुस्स्' झालं. कंडक्टरने तोपर्यंत शिट्टी मारली होती. बस गेली. जाताना भिवाजींनी कपाळावर हात मारलेला तेवढा दिसला. ती बस वाटेतल्या सगळ्या गावांना थांबत जाते, हे नागनाथला ठाऊक होतं.

चंद्रभागेने नवऱ्याकडे पाठ फिरवली. गौतमीचा हात धरून ताडताड पुढे चालायला लागली. नागनाथ दहा पावलं मागे, मान खाली घालून. बाजार आला तशी ती थांबली. मागे वळून न बघताच म्हणाली, "गौतमी, सांग त्याले, भेंड्या घे म्हना पावशेर."

"कोनाले, आई?"

"त्याले! तो मांगून येते न, तुहा बाप, त्याले!"

गौतमीने वळून बाबांकडे पाहिलं. तिचे डोळे आश्चर्याने मोठे झाले आणि ती आनंदाने ओरडली, "बाबा! तुमी पुल्लिंग झाले!"

नागनाथने पुढे होऊन पावशेर भेंड्या घेतल्या.